लेकीचे फोटो

संस्थेचा सगळ्यांचा सामायिक संगणक संध्याकाळी कायमचा बंद होणार होता. आपापल्या फायली ज्यानं त्यानं उतरवून घ्यायच्या होत्या. तिच्या डिस्कवर सगळं आलं, पण लेकीचे बाळपणीचे फोटो काही उघडेनात.

“ताई, तुमच्या खात्यात फोटोंकडे नेणारी नुसती वाट, म्हणजे शॉर्टकट होता; तेवढाच डिस्कवर आला,” संगणक सांभाळणारा म्हणाला. “फोटो मुळात सरांच्या खात्यात आहेत.”

सर म्हणजे याच संस्थेतला तिचा घटस्फोटित नवरा.

“मग गेलेच म्हणायचे! तो बसला असेल कुलूप घालून.”

“घातलंय ना. तुम्ही वेगळे झालात त्याच महिन्यात, झाडून सगळ्यांना.” त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. “एक तुमचं नाव सोडून.”