भुरीची नवी पिसं

काशिराम अंगणात कोयत्याला धार लावत होता आणि भुरी कोंबडी त्याच्याच पायाशी सांडलेले तांदूळ टिपत होती. सुनेचा, कोमलचा, जीव खालीवर होत होता. कडेवर चार महिन्यांची पोर, डोक्याला घट्ट रुमाल.

"बाबा, अकरापर्यंत थांबा."

"अगो, निशा आन जावई बाराला येतील. शिजायला वेळ नको? दोन महिने झाले, अंडं नाय. पिसं गळून नुसती बोडकी झाली. रोगट हाय ती."

"रोगट नाय. पिसं टाकली की अंडी बंदच होतात. खाल्लेलं सगळं नव्या पिसांना जातं. आता बघा, मान भरली, तुरा लालभडक झाला. आज-उद्या घालेल."

"पंधरा दिवस तुझं आज-उद्याच ऐकतोय."

चुलीपाशी सासूचं, मैनाचं, वाटण वाटून झालं होतं.

तेवढ्यात भुरीने टिपणं सोडलं. इकडेतिकडे पाहत ती लाकडांच्या ढिगामागे गेली आणि जुन्या टोपलीत शिरली.

"बसली! बाबा, बसली!"

"गप! ओरडलीस तर उठेल ना," काशिराम कुजबुजला. कोयता मांडीवर ठेवून तोही मान लांब करून पाहू लागला.

अकरा वाजले. निशाचा मिस कॉल आला. म्हणजे ती दोघं उरणहून निघाली होती. सव्वाअकरा झाले. काशिराम उठला. कोमल टोपलीपुढे आडवी उभी राहिली.

"सर बाजूला, पोरी."

"पक-पक-पक-पकाऽऽक!"

कोमल अशी वळली की डोक्यावरचा रुमाल कधी सुटला ते तिचं तिलाच कळलं नाही. टोपलीत अंडं होतं. गरम. त्यावर रक्ताची एक बारीक रेघ.

"घातलं! आई, घातलं!"

काशिरामने हसत कोयता वाशाला खोचला. "आन जावयाच्या ताटात काय वाढू? हे एक अंडं?"

"पनवेलला जा, पापलेट आना," मैना म्हणाली. तिची नजर सुनेच्या उघड्या डोक्यावर होती. बाळंतपणानंतर कोमलचे केस पुंजक्यांनी गळत होते. महिनाभर तिने ते कुणाला दिसू दिलं नव्हतं.

मैनाने अंडं उकडलं, सोललं आणि बशीत घालून कोमलपुढे ठेवलं.

"आई, भावोजींना द्या ना..."

"सुक्या जवळ्याचा डबा कोनी रिकामा केला, मला ठाव हाय. तुझ्या वाटचा सगळा भुरीला चारलास."

कोमलने मान खाली घातली. मैनाने तिच्या खांद्यावरचा एक लांब केस उचलला. मग दुसरा. दोन्ही आपल्या बोटाला गुंडाळले.

"खा आता. तुझे पन येतील."