तीन नंबरची टाकी

लहान मुलांच्या खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात टाक्यांची धुलाई सुपरवायझरसाहेबांच्या देखरेखीखाली चाले. म्हणजे टाक्या खाली आणि देखरेख वरच्या केबिनमध्ये. "लिहिलं नाही ते झालंच नाही," असं ते सगळ्यांना बजावत, आणि लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

तपासणीला आलेल्या बाई रजिस्टर पाहून खूश झाल्या. "नोंदी चोख आहेत. आता तीन नंबरची टाकी दाखवा."

साहेब ऐटीत खाली उतरले. तिथे जमिनीत नुसते चार बोल्ट होते.

"साहेब, ती गेल्या सोमवारीच दुरुस्तीला गेली," टाक्या धुणारा कामगार म्हणाला.

बाईंनी रजिस्टर पुन्हा उघडलं. आजची नोंद होती: धुतली, वाफ दिली, आत डोकावून स्वतः खात्री केली.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "साहेब, सकाळी नेमकं कशात डोकावलात?"