गळती

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी आधी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि सगळे डबे उंचीप्रमाणे लावून सासूबाईंच्या नाकी नऊ आणले. मग कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि त्यांचा मोर्चा गाडीकडे वळला. दर रविवारी बॉनेट उघडावं, तर टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खुणेच्या बोटभर खाली! त्यांनी पाइप चाचपले, क्लिपा आवळल्या, गाडीखाली पुठ्ठा अंथरला; तोही कोरडा ठणठणीत. "गळती सापडल्याशिवाय मी काही घरात येत नाही," असं सुनेला बजावून त्यांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं खुपसलं.

 

सून घरात आली, तेव्हा जाडजूड सिरिंज शिवणाच्या डब्यात लपवत सासूबाई कुजबुजल्या, "पुढच्या शनिवारी अजून थोडं काढ गं, मागच्या वेळी स्वयंपाक व्हायच्या आतच परत आले होते."