केसभर बारीक

“रंगीत चेंडूकडे बघू नकोस. त्याला चिकटून दुसरा चेंडू आहे, त्याच्याकडे बघ,” टेबलवाल्यांची लेक म्हणाली.

“दुसरा कुठाय?” टेलरबाईंच्या मुलाने पूलच्या टेबलावर वाकून विचारलं.

“नाहीचे. तो मनात ठेवायचा, पॉकेटच्या बरोबर उलट्या बाजूला. पांढरा नेमका त्याच्या जागी गेला की रंगीत तिरका सुटून आत पडतो. यालाच कट म्हणतात.”

मुलाने काठी मारली. पांढरा चेंडू रंगीताला न शिवताच पुढे गेला आणि स्वतःच पॉकेटात पडला.

खिडकीशी बसून ब्लाउजला हुक लावणाऱ्या टेलरबाईंनी कपाळावर हात मारला. नोकरी चष्म्याच्या दुकानात, आणि याला समोरचं दिसेना!

चूक त्यांचीच होती म्हणा. त्यांचं शिलाईचं दुकान रस्त्याच्या या बाजूला, टेबलवाल्यांचा पूल खेळायचा हॉल त्या बाजूला. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, टेबलवाल्यांची बायको तर त्याही आधी गेलेली. मुलगी चुणचुणीत, डोळ्यांदेखत वाढलेली. अशी सून दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायची म्हणजे काय? एके दिवशी बाईंनी गळ्यातली मापपट्टीसुद्धा न काढता रस्ता ओलांडला आणि सरळ मागणी घातली.

टेबलवाले बराच वेळ काठीच्या टोकाला खडू घासत राहिले. बाईंना वाटलं होतं, माणूस खूश होईल. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

“मी मागेच सगळ्यांना सांगून बसलोय, बाई,” ते शेवटी म्हणाले. “मला या टेबलावर हरवेल तोच माझा जावई.”

“अहो, माझ्या पोराला काठी कुठून धरायची ते माहीत नाही!”

“मग कसं करायचं?” टेबलवाले म्हणाले. आवाजात काळजी अशी काही नव्हती.

पोरांनी मात्र कमाल केली. दोघंही एका दमात हो म्हणाली. वर मुलगी म्हणाली, “महिनाभर द्या, मीच शिकवते त्याला. पण काकू, तुम्ही रोज येऊन बसायचं. तुम्ही समोर असलात की तो नीट शिकेल.”

तेव्हापासून बाई रोज चार वाजता हातातलं काम घेऊन हॉलमध्ये येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी टेबलवाल्यांनी खुर्ची खिडकीशी सरकवली. इथे उजेड बरा आहे म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा येऊ लागला. बाईंनी सांगितलंही नव्हतं. मग बाईंना त्यांच्या शर्टाचा उसवलेला खिसा दिसला.

“हा घालून चारचौघांत फिरता? द्या इकडे, दोन टाके घालते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन शर्ट आणले. एकाचा खिसा तर कात्रीने उसवल्यासारखा दिसत होता. बाईंनी तोही शिवून दिला. व्याही होणार माणूस, चालायचंच.

कटाचं गणितही शेवटी बाईंनीच सोडवलं. “अरे, बाही कापताना आपण कापडाच्या कडेकडे बघतो का? शिवण जिथे बसणार तिथे बघतो. तसंच हे!”

मुलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिसऱ्या आठवड्यात तो दहातले नऊ कट आत घालू लागला. मुलगी तरीही पिच्छा सोडेना. “अजून बारीक. केसभर बारीक!” असं म्हणून ती त्याचा कान पिळायची. आत्ताच एवढा हक्क! बाई मनोमन सुखावायच्या.

रविवारी दुपारी सामना झाला. एकच डाव. दोघांचेही चेंडू संपले आणि टेबलावर फक्त काळा उरला; तो आत घालेल तो जिंकणार. पाळी मुलाची होती. कोपऱ्याच्या पॉकेटात सरळसाधा कट, झोपेतही घालावा असा. बाईंनी जीव मुठीत धरला.

काळा तिरका सुटला, पॉकेटच्या एका ओठाला लागला, दुसऱ्याला लागला आणि तोंडाशीच थांबला.

टेबलवाल्यांनी तो हलकेच आत ढकलला. “वाईट झालं हो, बाई,” ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू मात्र मावत नव्हतं.

बाईंना संताप यायला हवा होता. महिन्याची खटपट पाण्यात गेली होती, सोन्यासारखी सून हातची गेली होती. पण छातीवरचा दगड कुणी उचलल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

“उद्या याल ना?” टेबलवाल्यांनी विचारलं. “म्हणजे, आता पोराचं शिकणं संपलं, पण...”

“आता कशाला येऊ? काम तुंबलंय माझं,” बाई म्हणाल्या. डोळे का भरून आले ते त्यांना कळेना. ते कुणाला दिसू नयेत म्हणून पिशवी उचलून त्या घाईघाईने मागच्या दाराकडे वळल्या.

दाराबाहेर दोघं पोरं कुजबुजत होती. बाई जागच्या जागी थांबल्या.

“काय नेमका चुकवलास रे!” मुलगी म्हणत होती. “बाबांनासुद्धा संशय आला नाही.”

“आणि चुकून आत गेला असता तर?”

“तर आपलं लग्न, आणि ती दोघं जन्मभर व्याही-विहीण! मग त्यांचं लग्न कसं लावलं असतं आपण?”

“आता त्यांना विचारायचं कुणी?”

“तू आईला विचार, दादा. मी बाबांना विचारते.”