विल्मरची अकरा अंडी

ग्लेन्डाने कुबडी भिंतीला टेकवली आणि उबवणीपेटीचं झाकण काढलं. कुजका वास भपकन नाकात शिरला.

अकराच्या अकरा अंडी पिवळी पडून बसकी झाली होती.

"मला वाटलं, सापाची अशीच होत असतील," तिचा दीर ऑर्व्हल पडेल आवाजात म्हणाला. उभा जन्म त्याने कोंबड्या उबवण्यात घालवला होता. खुब्याचं हाड मोडून ती सहा आठवडे दवाखान्यात पडली, तेव्हा पेटी त्याच्याच भरवशावर सोडली होती. सगळ्या कॅरोलिनात तिला दुसरं होतं तरी कोण?

तिने पेटीची ऊब पाहिली. बरोबर. अंड्यांखाली अंथरलेली भुकटी ओलसर होती. तेही बरोबर.

तिचा नवरा विल्मर जोड्या लावत बावीस वर्षं खपला, तेव्हा कुठे त्याचे ते लालभडक, कॉर्न स्नेक जातीचे साप जन्माला आले. हिवाळ्यात तो गेला. मागोमाग नर गेला, आणि शेवटची मादी ही अंडी घालून मेली. मूलबाळ नव्हतंच. त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"एक पिल्लू मी मागणार होतो," ऑर्व्हल म्हणाला. "खुराड्यातल्या उंदरांना."

"तुझ्या कोंबड्यांची अंडीच गिळली असती त्याने, येड्या!" ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

सापाचं अंडं जसं पडलं तसंच ठेवावं लागतं. पालथं झालं की आतला जीव गुदमरून मरतो. म्हणून तर तिने प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारली होती. अकराही फुल्या वरच दिसत होत्या. म्हणजे चूक आपलीच! मेलेल्या मादीजवळून अंडी उचलताना हात लटपटत होते. खुणेआधीच ती फिरली असणार. विल्मर, तुझं होतं नव्हतं ते मी घालवलं रे.

"माझ्याच हाताने झालं हे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय! तू तर दवाखान्यात होतीस."

तिने एक अंडं उचललं. खालच्या अंगाला पेन्सिलीचा गोल होता. दुसरं उचललं. त्यालाही गोल.

"ते मी काढले," ऑर्व्हल म्हणाला. "तू फुल्या मारल्यास, पण दुसऱ्या बाजूची खूण राहिलीच होती. आमच्या कोंबडीच्या अंड्यांना करतो तसंच केलं, सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. सहा आठवड्यांत एक पाळी चुकू दिली नाही बघ."