अर्धा चमचा

स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं झाकण टक् करून वाजलं.

दुपारची सामसूम होती, म्हणून ऐकू आलं. चिमीचं दूध तर तिनं मघाशीच साखर घालून, ढवळून ओट्यावर ठेवलं होतं. लॅपटॉप तसाच सोडून ती उठली.

सासूबाई कपात चमचा फिरवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अर्धाच घातलाय."

"अर्धा मी घातलाय."

"तेच. तुझा अर्धा, माझा अर्धा."

"रोज?"

"दातांच्या डॉक्टरांनी साखर निम्मी करायला सांगितल्यापासून. अगं, पोरीनं दूध तसंच टाकलं असतं आणि तू दिवसभर धुमसत बसली असतीस. त्यापेक्षा हे बरं."

चिमीला कमी साखरेची सवय लागली, चकार शब्द काढला नाही, असं ती भेटेल त्याला कौतुकानं सांगत आली होती. फरकच पडला नाही म्हणे.

टेबलाखाली रंगवत बसलेल्या चिमीनं मान वर केली. "आजी, माझ्या दुधात काय झालं?"

"काही नाही झालं, बाळ. आई काढते, आजी घालते."

यावर रागवायचं की हसायचं, हे न ठरवताच ती खोलीत परत आली.

लॅपटॉपच्या पडद्यावर तिचं सकाळचं वाक्य तसंच होतं: नवीन काही नाही. ती जो कण शोधत होती तो असलाच तर इतका जड, की कुठल्याही यंत्रात घडवता येणार नाही. पण असेल तर ओळखीच्या, हलक्या कणांच्या टकरींत तो जरासा फरक पाडून जाईल. फरकाच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा द्यायचा आणि मोजमापांशी ताडून पाहायचं, आकडा शून्य येतो की नाही. एका वेळी एकच आकडा मोकळा, बाकीचे शून्याला बांधलेले. ही तिच्या संशोधनगटाच्या सरांची सोयीची पद्धत. सगळे शून्यच आले होते. संशोधनाचा हा पेपर आज छापायला गेला की तिची नोकरी आणखी वर्षभर टिकणार होती.

तिनं दोन आकडे एकदम मोकळे सोडले.

दोन फरक एकमेकांना खाऊन टाकू शकतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच ओट्यावर घडणं वेगळं.

आलेखावरचा, मोजमापांना चालणाऱ्या आकड्यांचा शून्याभोवतीचा इवलासा ठिपका ताणला गेला आणि पडदाभर एक तिरकी पट्टी पसरली. एक आकडा वर जाई, दुसरा तेवढाच खाली. बेरीज जिथल्या तिथे. पट्टीवर कुठंही बोट ठेवलं तरी मोजमापांची काही तक्रार नव्हती. कण नव्हता. किंवा होता.

फोन वाजला. सर होते. "काय, शून्य ना?"

"शून्यच आहे, सर. पण कसलं ते कळत नाहीये."

"म्हणजे? काही सापडलंय का?"

"नाही."

"मग नाही म्हणून टाक. दोन अक्षरांचा शब्द, त्यात एवढं काय अडलंय?"

"दोन गोष्टी एकमेकींना झाकत असतील तर?"

"तर पुढच्या पेपरात बघू."

"पुढच्या पेपराला मी असायला हवी ना, सर."

पलीकडे खुर्ची करकरली. "म्हणूनच सांगतोय, हा जाऊ दे. संध्याकाळपर्यंत कळव."

फोन ठेवून ती पट्टीकडे बघत राहिली. मग वाक्याकडे. 'नाही' खोडलं, पुन्हा लिहिलं. अक्षरं भिजल्यासारखी दिसू लागली, तेव्हा कळलं की डोळे भरलेत. नोकरीसाठी, सासूबाईंसाठी, की त्या नसलेल्या कणासाठी, काही उमगेना.

गुडघ्याला काहीतरी टेकलं. चिमी. ओठांवर दुधाची मिशी, हातात रिकामा कप.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं."

चिमीनं कपाच्या तळाशी पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुठलं काही नाही? खरंखुरं, की माझ्या दुधातल्यासारखं?"