तिन्ही यंत्रांत एकच पान

"आता हे वाचून बघा, आई," म्हणत सुनेने दुकानातलं पुस्तकं वाचायचं दुसरं यंत्र सासूबाईंच्या हातात ठेवलं.

पहिल्या यंत्रावर सासूबाईंचं निभावलं होतं, पण हे आणि आणखी एक बाकी होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे पाहिलं. कागदासारखा करडा चौकोन दिसला. त्याच्या मधोमध तोच धुरकट डाग होता, गेलं वर्षभर जिथे बघावं तिथे आडवा येणारा. अक्षर म्हणाल तर एकही दिसत नव्हतं.

त्या वाचू लागल्या. "होडी काठाला लागली तेव्हा उन्हं कलली होती. उतरणारा एकच माणूस होता. त्याच्याजवळ सामान नव्हतं. कुणी विचारलंही नाही." अख्खं पान घडाघडा, कुठे अडखळणं नाही. का अडखळतील? या पुस्तकाच्या पाचही आवृत्त्यांची प्रुफं त्यांनीच तपासली होती. तुलना सोपी जावी म्हणून दुकानदाराला तिन्ही यंत्रांत याच पुस्तकाचं पहिलं पान टाकून ठेवायला सांगते, असं सून कालच बोलून गेली होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी गत झाली.

प्रकाशकांनी कागदी प्रुफं बंद केली होती. सोमवारपासून सगळं अशाच यंत्रावर येणार होतं. डोळे गेल्याचं फुटलं की बत्तीस वर्षांचं काम हातचं जाणार, आणि फुटणार ते आधी सुनेपुढे. जिच्या वाणसामानाच्या यादीवरही आपण लाल पेन चालवलं, तिच्यापुढे उघडं पडणं सासूबाईंना सगळ्यांत जड जाणार होतं.

दुकानदार भरभरून सांगत होता. याचा पडदा मोठा, त्यावर खुणा करायला लेखणी मिळते, तिसऱ्याला पिवळसर उजेड आहे, डोळ्यांना त्रास नाही. याची अक्षरं जरा फिकी आहेत, असं सासूबाईंनी मध्येच ठोकून दिलं. सुनेचं लक्ष मात्र भलतीकडेच. प्रत्येक यंत्र एका हातात धरून ती मिनिटभर तशीच उभी राहायची. याचं वजन किती, त्याचं किती, तासभर धरलं तर मनगट भरून येईल का? बाई काय भाजी घ्यायला आलीय, म्हणून सासूबाई मनातल्या मनात चरफडल्या.

तिसऱ्या यंत्रावरही पान बिनचूक पार पडलं. गंगेत घोडं न्हालं. सासूबाईंनी यंत्र काउंटरवर ठेवलं. सुनेने दुकानदाराला कव्हरं दाखवायला सांगितली. तो आत गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तिन्ही यंत्रांत तिसरं वाक्य मी दोनदा टाकायला लावलं होतं."

बत्तीस वर्षांत दुबार वाक्य सासूबाईंच्या हातून सुटलं नव्हतं.

"कधी कळलं तुला?"

"माझ्या यादीतल्या चुका तुम्ही काढेनाशा झालात, तेव्हा संशय आला. खात्री आज झाली."

आता ही मुलाला सांगणार, मुलगा प्रकाशकांना कळवणार. संपलं सगळं. सासूबाईंना रडू येत होतं आणि ते दुकानात यायला नको होतं. तेवढ्यात सुनेने एक यंत्र उचललं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"होडी काठाला लागली तेव्हा उन्हं कलली होती, पूर्णविराम. उतरणारा एकच माणूस होता, पूर्णविराम."

सासूबाई चमकल्या. ही छापखान्याची रीत. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा आणि चूक आली की पेन्सिल टेबलावर ठोकायची. सुनेचे सासरे होते तोवर ते आणि सासूबाई घरीही असेच बसत. सुनेला कुणी शिकवलं नव्हतं. तिने कामं करता करता ऐकलं होतं.

"त्याच्याजवळ सामान नव्हतं, पूर्णविराम. त्याच्याजवळ सामान नव्हतं, पूर्णविराम."

टक्. सासूबाईंचं बोट आपसूक काउंटरवर आपटलं.

दुकानदार कव्हरं घेऊन परत आला. मावशींच्या डोळ्यांना कुठलं बरं वाटलं, असं त्याने विचारलं.

"सगळ्यांत हलकं असेल ते द्या," सून म्हणाली. "धरायचं मला आहे."